वाचकांचे प्रश्न : वादळाची रेषा आणि दापोलीची सुपारी

चक्रीवादळांच्या इशाऱ्यांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं आवाहन संपादकांनी केलं आणि आलेल्या पत्रांची चळत माझ्या टेबलावर आणून ठेवली. हवामान खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाची यातून सुटका नसते. बरीचशी पत्रं कोकणातली आहेत आणि त्यातली निम्मी रागावलेली. रागावलेली आधी घेतो.

प्रश्न : निसर्ग वादळाच्या वेळी टीव्हीवर दोन दिवस ‘मुंबई, मुंबई’ चाललं होतं. फार तर अलिबागचं नाव यायचं. मुंबई वाचली आणि आमची वडिलांच्या हातची सुपारी भुईसपाट झाली. अंदाज चुकला, हे सरळ का सांगत नाही? *(एक बागायतदार, दापोली)*

उत्तर : बागेबद्दल मी काय बोलणार? उभी सुपारी गेली की एक पिढीच मागे जाते. पण अंदाज चुकला हे मात्र मला पटत नाही. आदल्या दिवशीच्या बुलेटिनमध्ये शब्द होते : हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ. 3 जून 2020 च्या दुपारी वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर चढलं, म्हणजे दिलेल्या पट्ट्यातच, त्याच्या दक्षिणेकडच्या टोकाला. टीव्हीवाल्यांनी या वाक्यातलं सोयीचं तेवढं उचललं. हरिहरेश्वरच्या समोर, खाडीपलीकडे बाणकोट आहे आणि तिथून खाली तुमचा दापोली तालुका, हे स्टुडिओत बसलेल्याला कुठून माहीत असणार?

आता तुमच्याकडेच एवढी पडझड का? आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेनं फिरतो. वादळ ईशान्येकडे सरकत किनाऱ्यावर आलं की केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो आणि उत्तरेला जमिनीवरून समुद्राकडे जातो. शिवाय वादळ ज्या दिशेनं चाललंय तिकडे तोंड करून उभं राहिलं, तर उजव्या हाताला वाऱ्याच्या वेगात वादळाच्या स्वतःच्या चालीची भर पडते. दापोली, मंडणगड उजव्या हाताला होते, मुंबई डाव्या. श्रीवर्धनहून तुम्ही सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, मुंबई शंभरेक. दोन्ही बाजूंनी तुमच्याच वाट्याला वाईट आलं.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही, म्हणून थोडं लांबवतो. ओडिशाकडे वादळं बहुधा किनाऱ्यावर समोरून धडकतात. कोकणाचा किनारा दक्षिणोत्तर आणि अरबी समुद्रातली वादळंही बरेचदा उत्तरेकडेच निघालेली, म्हणजे किनाऱ्याशी जवळजवळ समांतर. अशा वेळी वादळानं पाच-दहा अंश मान वळवली तरी किनारा गाठण्याची जागा एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाते. 2021 चं तौक्ते तर असंच किनाऱ्याला धरून वर गेलं आणि थेट गुजरातेत उन्याजवळ चढलं. केंद्राच्या जागेचा 24 तासांचा अंदाज आजही सरासरी 70-80 किलोमीटरनं इकडेतिकडे होतो. म्हणून नकाशावर वादळाच्या अंदाजित वाटेच्या रेषेभोवती पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा काढलेला असतो. वादळाचं केंद्र त्यात कुठेही असू शकतं आणि वारा-पाऊस तर त्या पट्ट्याच्याही बाहेर जातो. रेषा बघून ‘आपण सुटलो’ म्हणू नका.

प्रश्न : भर समुद्रात वाऱ्याचा वेग मोजायला कोण जातं? *(अकरावीतली विद्यार्थिनी, नाशिक)*

उत्तर : कुणीच जात नाही, बाळ. अमेरिकेत वादळात विमानं घालतात, आपल्याकडे तशी नियमित सोय नाही. जहाजांकडून नोंदी येतात, पण शहाणा कप्तान वादळापासून लांब पळतो. म्हणजे जिथली नोंद सगळ्यात जास्त हवी, नेमकी तिथलीच नसते. समुद्रात नांगरलेले काही बोये, म्हणजे नोंदी घेणारे तरंगते पिंप, आहेत, पण वादळ त्यांच्या जवळून जाईलच असं नाही.

म्हणून मदार उपग्रहांवर. इन्सॅट मालिकेतले उपग्रह रात्रंदिवस चित्रं पाठवत असतात. त्यावरून तीव्रता ठरवायची पद्धत 1970 च्या दशकात व्हर्नन ड्वोराक या अमेरिकन शास्त्रज्ञानं बसवली. ढगांचा पट्टा केंद्राभोवती किती वळसा घालतोय, डोळा (केंद्रातला शांत, जवळजवळ निरभ्र भाग) दिसतो का, डोळा किती उबदार आणि भोवतालच्या ढगांचे माथे किती थंड, हे बघून ‘टी’ अंक द्यायचा, अर्ध्या-अर्ध्या पायरीनं, एकपासून आठपर्यंत. दीड म्हणजे कमी दाबाचा तीव्र पट्टा. अडीच झाला की वारा 35 नॉटच्या घरात (तासाला सुमारे 65 किलोमीटर), म्हणजे चक्रीवादळ. एकाच चित्रावर दोघांत अर्ध्या अंकाचा वाद होतो आणि रात्रपाळीला तो चहाबरोबर चांगला रंगतो. वादळ किनाऱ्याजवळ आलं की डॉप्लर रडार लागू होतं, मग वादाला जागा कमी राहते.

मोबाइलवरच्या परदेशी ॲपमध्ये वाऱ्याच्या वेगाचा आकडा जास्त दिसतो, तो खरा का, असंही तू विचारलंयस. आपण तीन मिनिटांची सरासरी घेतो, अमेरिकन केंद्र एका मिनिटाची. एका मिनिटाची नेहमी जास्तच येते. त्यात कुणी काही लपवत नाही.

प्रश्न : आभाळ निरभ्र, समुद्र शांत, आणि बोटी परत आणा म्हणून फोन. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार सगळं अंगावर. पुढे वादळ येतच नाही. हे किती वेळा सोसायचं? *(तांडेलाची पत्नी, हर्णै)*

उत्तर : ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे आणि त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. जून 2019 मध्ये वायू वादळ वेरावळजवळ किनाऱ्यावर येणार म्हणून गुजरातेत लाखो माणसं हलवली. ते किनाऱ्याला घासून वळलं आणि समुद्रातच राहिलं. लोक चिडले, साहजिक आहे.

दुसरी बाजूही बघा. नोव्हेंबर 2017 मध्ये ओखी कन्याकुमारीजवळ फार थोड्या वेळात तीव्र झालं, तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या बोटी खोल समुद्रात पोचलेल्या होत्या. काही भरकटत थेट आपल्या सिंधुदुर्गाच्या आसऱ्याला आल्या, बरीच माणसं कधीच परतली नाहीत. फयान वादळाच्या वेळी, 2009 च्या नोव्हेंबरात, रत्नागिरीनं काय बघितलं ते तुमच्या घरात मी सांगायला नको.

बोट परत यायला लागणारा वेळ धरूनच इशाऱ्याच्या पायऱ्या ठरल्या आहेत. पहिली सूचना साधारण 72 तास आधी, वादळ व्हायच्याही आधी. मग 48 तास आधी पिवळा इशारा, 24 तास आधी केशरी, आणि 12 तास आधी लाल, ज्यात जमिनीवर चढल्यानंतर आतल्या जिल्ह्यांत काय होईल तेही असतं. खोल पाण्यातल्या बोटीला पिवळ्यापर्यंत थांबून चालत नाही, आणि तेव्हा आभाळ निरभ्रच असणार. फुकट गेलेल्या फेरीची भरपाई मिळायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते काम वेधशाळेचं नाही, सरकारचं आहे. तिथे भांडा.

प्रश्न : वादळांना ही नावं कोण ठेवतं? *(पुण्याहून तिघांनी विचारलंय)*

उत्तर : बंगालच्या उपसागराभोवतालचे आणि अरबी समुद्राभोवतालचे 13 देश. प्रत्येकानं 13 नावं दिली, 169 ची यादी 2020 मध्ये झाली. वारा 34 नॉटच्या वर गेला की दिल्लीचं प्रादेशिक केंद्र क्रमानं पुढचं नाव देतं. निसर्ग हे बांगलादेशानं दिलेलं, नव्या यादीतलं पहिलं. एकदा वापरलेलं नाव पुन्हा येत नाही. नावावरून स्वभाव ओळखायला जाऊ नका.

प्रश्न : बंदरावर तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा लागला म्हणजे दहापैकी तीन इतकंच संकट का? *(एक वाचक, मालवण)*

उत्तर : नाही, हे आकडे परीक्षेतले गुण नव्हेत. एक आणि दोन नंबर लांबवरच्या वादळासाठी, बाहेर पडणाऱ्या जहाजांना सावध करायला. तीन आणि चार म्हणजे बंदरालाच खराब हवेचा धोका. पाचपासून धोका मोठा, आठपासून फार मोठा. गंमत अशी की पाच, सहा, सात यांतला फरक तीव्रतेचा नाहीच. बंदर वादळाच्या वाटेच्या डावीकडे राहणार असेल तर पाच, उजवीकडे असेल तर सहा, आणि वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार असेल तर सात. आठ, नऊ, दहाचंही तसंच. दापोलीकरांनी वरचं उत्तर वाचलं असेल तर पाच आणि सहा यांत काय फरक पडतो ते त्यांना कळेल. लहान बंदरांवर एवढे सगळे बावटे नसतात. तिथे तीन, चार, सात, दहा आणि अकरा एवढेच.

अकरा नंबर लागला तर त्याचा अर्थ, इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि हवा बिघडण्याचा धोका आहे असं बंदरावरच्या अधिकाऱ्यालाच वाटतं आहे.