‘पोरगी चालेल ना?’

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सी.पी. (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) असलेल्या मुलांचे आईवडील पहिल्या भेटीत एक प्रश्न हमखास विचारतात: “बरं कधी होईल?” सातारा भागातल्या एका कुटुंबाचा अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. सातव्या महिन्यात जन्मलेली. दोन्ही पायांचे स्नायू ताठर, टाचा टेकत नाहीत, चालताना गुडघे एकमेकांवर येतात. घरात वॉकर घेऊन फिरते. अभ्यासात चलाख. वडिलांनी मोबाइलवर एका केंद्राची जाहिरात दाखवली. स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची इंजेक्शनं, खर्च लाखांत. “रानातला एक तुकडा काढतो ताई, पण पोरगी चालली पाहिजे.”

अशा वेळी धीर द्यायचा म्हणून गोड बोलणं मला पटत नाही. जमीन एकदा गेली की गेली. मी सांगितलं, मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण ती भरूनही येत नाही. मग वयाबरोबर चालणं बिघडल्यासारखं का वाटतं? हाडं भराभर वाढतात, ताठर स्नायू तेवढे लांब होत नाहीत, म्हणून. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा वापर रक्ताच्या काही आजारांपलीकडे नेहमीचा उपचार म्हणून करता येत नाही. बाकी सगळं मंजूर वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल), आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. मोठ्या हालचालींची क्षमता साधारण सहा-सात वर्षांपर्यंत बरीचशी ठरून जाते, हेही सांगावंच लागलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत.

तेवढ्यात मुलीला स्प्लिंट, म्हणजे पायाला बांधायचा आधार, टोचायला लागला. ती खाली वाकून व्हेल्क्रोचा पट्टा ओढू लागली. बोटं घसरत होती. आजीचा हात लगेच पुढे आला. मी आजींना थांबायला सांगितलं. दोनदा सुटलेला पट्टा तिसऱ्यांदा मुलीच्या चिमटीत आला, चर्रकन निघाला, आणि तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. “हे घरी कोण काढतं?” आई म्हणाली, “आम्हीच. तिला उशीर लागतो.”

मग मी मुलीलाच विचारलं, तुला काय जमायला हवंय? “खेळाच्या तासाला मला सगळ्यांच्या बाटल्या सांभाळायला बसवतात. ते नको.” आईचं मागणं वेगळं होतं. मुलीला शाळेत बाथरूमला एकटीने जाता यावं, कारण त्यासाठी आई स्वतः रोज मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन थांबायची. या दोन गोष्टी कागदावर लिहिल्या आणि उपचार त्यांच्याभोवती आखायला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पोटऱ्यांना ताठर स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं मिळाली. त्यांचा परिणाम तीन ते सहा महिने टिकतो, आणि त्या काळात व्यायाम आणि स्प्लिंट सांभाळले तरच पैसे कारणी लागतात. शाळेने बाथरूममध्ये आडवी दांडी बसवली. खुब्याचा एक्स-रे ठरावीक काळाने काढायचं ठरलं. सी.पी.त खुबा हळूहळू निखळू शकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही, हे कित्येक घरांत माहीतच नसतं.

खेळाचं नाव काढल्यावर वडील म्हणाले, “आधी चालू दे, मग खेळ.” हा क्रम मला मोडायचा होता. ताकदीचे व्यायाम केले की ताठरपणा वाढतो, हा जुना समज आता मागे पडला आहे. पॅरा अ‍ॅथलेटिक्समध्ये सी.पी. असलेल्या खेळाडूंसाठी ३१ ते ३८ असे वर्ग आहेत, त्यातले ३१ ते ३४ व्हीलचेअरवरून किंवा बसून खेळणाऱ्यांचे. बोचा हा चेंडूफेकीचा खेळ तर १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. मी त्यांना मुझफ्फरनगरच्या धावपटू प्रीती पालची शर्यत दाखवली. पॅरिस, २०२४, टी-३५ वर्ग (टी म्हणजे ट्रॅक), १०० मीटर १४.२१ सेकंदांत, कांस्यपदक. पुढे २०० मीटरमध्येही कांस्य. पॅरालिम्पिकच्या ट्रॅकवर भारताला मिळालेली ही पहिली पदकं. तुमच्या मुलीने पदक आणावं म्हणून हे दाखवत नाही, असंही मी बजावलं. प्रीती स्वतःच्या पायांवर धावते, हिचं तसं होईलच असं नाही. पण प्रीतीलाही सी.पी. आहे आणि लहानपणी तिनेही कॅलिपर, म्हणजे पायांना आधाराच्या पट्ट्या, वापरले आहेत, हे त्या घराला कळायला हवं होतं. मुलीने ती शर्यत पुन्हा लावायला लावली.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून त्यांनी ‘निरामय’ हा दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमाही घेतला. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. हे पालकांनी निदान झाल्यावर पहिल्याच वर्षी करावं.

आता खेळाच्या तासाला ती खुर्चीत बसून चेंडू फेकते. बाहेर लांब जायचं तर व्हीलचेअर वापरते, आणि त्यावरून आजी अजूनही रुसतात. जमीन जागेवर आहे. पोटऱ्या आणि मांडीमागचे स्नायू एकाच ऑपरेशनमध्ये सैल करायचं सर्जननी सुचवलं आहे. परवा वडिलांचा फोन आला: ऑपरेशननंतर खेळ किती महिने बंद ठेवावा लागेल? ते सर्जननाच विचारा, म्हटलं, आणि नंतरचा फिजिओ कोण, कुठे, आठवड्यातून किती वेळा देणार हे पक्कं झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका.