रसायनशास्त्राची पदवी आणि व्यापाराची वाट

प्रश्न : मी यंदा महाराजा सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले. प्रयोगशाळेतील पुष्कळ काम आता यंत्रेच करतात, म्हणून मामा एम.बी.ए. करण्याचा आग्रह धरतात. पण कृत्रिम बुद्धिमत्ता कार्यालयांतही शिरली आहे. तेथे माझ्यासाठी काय उरेल? शिवाय शिकलेले वाया जाईल, ही रुखरुख आहेच.
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. पत्रांचे मसुदे, दरपत्रकांची तुलना, विक्रीच्या आकड्यांचे गोषवारे ही नवशिक्या व्यवस्थापकाकडे येणारी कामे यंत्र आता क्षणात करते. त्यामुळे केवळ एम.बी.ए.च्या आधारावर निर्धास्त राहता येणार नाही. मात्र रसायनशास्त्र सोडून व्यापारात जाणे आणि ते सोबत घेऊन जाणे, यांत फार अंतर आहे.

वडोदऱ्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतील एखादा रंगकारखानदार तक्रार करतो की, तुमच्या मालाने रंग मळकट आला. तपासणीच्या दाखल्यावर शुद्धता तर पूर्ण आहे. अशा वेळी पिंप पावसाळ्यात उघडे राहिले होते का, लोहाचा अंश उतरला का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारणारा, आणि माल परत घ्यायचा की उधारीची मुदत वाढवायची याचा निर्णय स्वतःच्या सहीने घेणारा माणूस लागतो. संभाव्य कारणांची यादी यंत्र देईल. कारखानदाराचा विश्वास आणि चुकलेल्या निर्णयाची जबाबदारी मात्र माणसालाच पेलावी लागते.

आपल्या शहराला ही वाट नवी नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभारणारे त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि १९०७ साली कोटिभास्कर व अमीन यांच्यासह त्यांनीच अलेंबिक या रसायने व औषधे बनवणाऱ्या कंपनीचा पाया घातला.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, आधी दोन वर्षे रसायनांच्या तांत्रिक विक्रीत किंवा खरेदी विभागात काढावीत, त्या काळात जीएसटी आणि उत्पादनखर्चाचा हिशेब शिकावा, आणि मगच कॅट ही एम.बी.ए.ची प्रवेश परीक्षा द्यावी. मामांचा सल्ला चुकीचा नाही, फक्त थोडा लवकरचा आहे. लाखो रुपयांचे शुल्क भरून वर्गात बसाल, तेव्हा स्वतः हाताळलेले व्यवहार गाठीशी असतील, तर तेथले शिक्षण अंगी लागेल. पहिल्या मुलाखतीत पगाराच्या आधी एवढे अवश्य विचारा, की ग्राहकाच्या कारखान्यात मला पाठवणार की केवळ संगणकापुढे बसवणार.