आजोबांच्या हॉटेलचं लायसन शोधताय? त्याआधी बँडलीडर शोधा

तुमचं पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आजोबा १९५० च्या सुमारास चर्चगेटच्या कुठल्यातरी हॉटेलात ट्रम्पेट वाजवायचे, घरात एकच फोटो, हॉटेलचं नाव कुणालाच आठवत नाही, आणि आता तुम्ही त्या हॉटेलचं जुनं करमणुकीचं लायसन शोधायला निघालात. आमच्याकडे सासरे ट्रॉम्बोनवर होते, दिवसा फिल्मचं रेकॉर्डिंग, रात्री हॉटेल, बाकी सगळं सेम.

लायसनच्या मागे लागू नका. निदान सुरुवात तिथून करू नका.

मी ज्या ऑफिसात गेले त्याचं नाव घेत नाही. तिथे पहिला प्रश्न, लायसन नंबर काय? अहो तो नंबर त्या फाईलमध्येच असणार ना, तीच तर मागतेय! मग म्हणे सध्याच्या मालकाचं एनओसी आणा. तिथे आता भलतंच दुकान आहे, तो मालक कशाला लिहून देईल? मग या टेबलावरून त्या टेबलावर, साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, आणि शेवटी माहिती अधिकारात अर्ज केला तर एका ओळीचं उत्तर, 'अभिलेख उपलब्ध नाही'. अपील केलं, तेही असंच लांबलं. आणि या सगळ्यात, सासऱ्यांच्याच बँडमध्ये ड्रम्स वाजवलेले एक गृहस्थ, वांद्र्याला राहायचे, फोटोतला एकेक माणूस ओळखून देतो म्हणाले होते, ते गेले. कागद हातात आला की तो घेऊनच त्यांच्याकडे जाऊ असं आमचं ठरलं होतं. त्या ऑफिसने पहिल्याच दिवशी 'नाही' म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी वांद्र्याला असते. याचा राग अजून गेलेला नाही.

तरीही अर्ज करायचाच असेल तर (मी वकील नाही, नियम एकदा तपासून घ्या) फाईल मागताना ती नष्ट केली असल्यास त्याची नोंदही मागा. सरकारी कागदांची वर्गवारी असते, 'अ' कायमचे, 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं, म्हणजे पन्नास सालचं लायसन कधीच रद्दीत गेलेलं असू शकतं. आणि विषय दुसऱ्या ऑफिसचा असेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) खाली अर्ज त्यांनीच ५ दिवसांत तिकडे पाठवायचा असतो, तुम्हाला फिरवायचं नसतं.

आता माझं मत, कुणाला पटो न पटो. जागा शोधू नका, बँड शोधा. जुन्या जाहिरातीत 'अमुक अँड हिज बँड' एवढंच छापायचे, म्हणजे नाव फक्त लीडरचं, मागे बसलेल्यांचं कधीच नाही. त्यात पुन्हा स्टेजवरची नावं वेगळी. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे माहीत नसेल तर कितीही शोधा, सापडणार नाहीत. ताजमध्ये १९३५ ला लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकन बँड आला, पुढे १९३९ पासून वीसेक वर्षं मिकी कोरियांचा बँड, तेव्हा ताजचा फोटो असेल तर निदान लीडरचा अंदाज बांधता येतो. चर्चगेटला तसं नव्हतं, तिथे बँड बदलत राहायचे. तिथलं गेलॉर्ड रेस्टॉरंटच १९५६ चं, त्यामुळे फोटो खरंच पन्नास सालचा असेल तर ते नाव आधीच काढून टाका. आणि जुन्या पेपरात 'वीर नरिमन रोड' शोधू नका, त्याच रस्त्याचं जुनं नाव 'चर्चगेट स्ट्रीट' शोधा, माझा बराच वेळ तिथे गेला.

आणखी एक, १९४९ चा दारूबंदीचा कायदा विसरू नका. बार गेला की हॉटेलाला रोजचा बँड परवडेना, बरेच वादक फिल्मकडे वळले. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे होतेच, सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशनकडे, अँथनी गोन्साल्विसांकडे तर प्यारेलाल शिकले. तुमचे आजोबाही दिवसा स्टुडिओत असण्याची शक्यता मला खूप वाटते. पडद्यावर या लोकांची नावं आली नाहीत याचं मला अजून वाईट वाटतं, आपण ती गाणी दिवाळी पहाटेला गातो आणि ट्रम्पेट कुणाचा ते कुणालाच ठाऊक नसतं.

आजोबा गोव्याचे असतील तर धोबीतलावचे कूड (मुंबईत आलेल्या गोवेकरांच्या राहण्याचे क्लब) बघा, तिथल्या जेर महाल इमारतीत बरेच आहेत. कूड गावावार असतात, म्हणून आधी गाव नक्की करा आणि सकाळी न जाता संध्याकाळी जा, तेव्हा जुनी माणसं भेटतात. रजिस्टर दाखवतीलच असं नाही, पण बोलतात. आमच्या बँडलीडरचं नाव तिथेच कळलं, कुठल्याही ऑफिसात नाही.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का असू शकतो. वादकांसमोरच्या स्टँडवर अक्षरं असतील तर तेवढा भाग मोठा करून इथे टाका, ती बहुतेक वेळा लीडरची असतात. मी बघते, आणि जाणकार अजून दोघंतिघं आहेत इथे, त्यांनाही सांगते.