चिंचिलाचे दात आणि निरोपाचा निर्णय

प्रश्न : माझा चिंचिला (उंदीर-खारीसारखा कुरतडणारा, मऊ केसांचा पाळीव प्राणी) सहा वर्षांचा आहे. पूर्वी त्याच्या दाढा तीन-चार महिन्यांनी घासाव्या लागायच्या, आता पाच आठवड्यांतच तो खाणं सोडतो. एक्स-रेमध्ये मुळं वाढलेली दिसली. आणखी किती वेळा भूल द्यायची?

उत्तर : चिंचिलाचे वीसही दात जन्मभर वाढतात. ते पुरेसे झिजले नाहीत की दाढांना टोकं येतात, जीभ आणि गाल सोलवटतात. दातावर दात दाबला जाऊन मुळाकडची बाजूही हाडात घुसत जाते. खालच्या जबड्यावरून बोट फिरवताना लागणारे उंचवटे ते हेच. वरची मुळं डोळ्याकडे सरकतात, म्हणून डोळ्याला पाणी येत राहतं. दाढा घासल्या की टोकं जातात, पण आत घुसलेली मुळं तशीच राहतात. म्हणजे तुमच्या डॉक्टरांचं काही चुकत नाहीये. या आजारात त्यांच्या हातात तेवढंच आहे.

त्यामुळे भूल किती वेळा द्यायची, यापेक्षा प्रत्येक वेळेनंतर तो आपलं आपण किती दिवस गवत खातो, हे मोजा. पाच आठवड्यांतला पहिला आठवडा सावरण्यात आणि शेवटचा उपासमारीत गेला, तर त्याच्या वाट्याला उरलं किती? कॅलेंडरवर रोज लिहा : स्वतः खाल्लं की सिरिंजने भरवलं, लेंड्या किती आणि केवढ्या, सकाळचं वजन किती. काटा ग्रॅमचा हवा. पाचशे ग्रॅमच्या जिवाचे पन्नास ग्रॅम गेले, तर दहावा हिस्सा गेला.

निर्णयाआधी एक गोष्ट मात्र नक्की तपासा : वेदनाशामक पुरेसं मिळतंय का? मेलॉक्सिकॅमचा डोस नीट बसवल्यावर किंवा जोडीला ब्युप्रेनॉर्फिनसारखं तीव्र औषध दिल्यावर काही चिंचिला पुन्हा खाऊ लागतात. दाताच्या मुळाशी गळू तर नाही ना, हेही विचारा. एवढं करूनही मधला काळ आकसतच चालला असेल, तर माझं मत स्पष्ट आहे : भुलेची पुढची तारीख घेऊ नका, दयामरणाबद्दल बोला.

प्रश्न : हनुवटी ओली असते, वजनही उतरलंय, पण संध्याकाळी आमची चिंचिला अजून पिंजऱ्याच्या दारापाशी धावत येते. इतकं दुखत असतं तर ती धावली असती का?

उत्तर : हो, धावली असती. रानात चिंचिला हे शिकार होणारं जनावर आहे, दुखणं लपवणं त्याच्या अंगातच असतं. धावत आल्यावर ती काय करते, ते बघा. गवताची काडी उचलून टाकून देते का? मऊ तेवढंच निवडते का? पुढचे पंजे लाळेने चिकट झालेत का? मग तिला भूक आहे, पण चावता येत नाही. ती तुम्हाला ओळखते, तुमची वाट बघते, आणि म्हणूनच हा निर्णय इतका जड जातो. पण त्या ओढीवरून वेदना मोजता येत नाही.

प्रश्न : इंजेक्शन देववत नाही. घरीच नैसर्गिकपणे जाऊ दिलं तर?

उत्तर : नको. कळकळीने सांगतो, नको. खाणं थांबलं की चिंचिलाचं आतडं मंदावतं, पोटात वायू धरतो, यकृतावर चरबी चढते. हे झोपेतलं मरण नसतं. दुखत, उपाशी काढलेले दिवस असतात. मध्यरात्री धावपळ करण्यापेक्षा, तो जरा बरा असताना वेळ ठरवून घ्या. आणि घरगुती उपाय तर चुकूनही नको.

प्रश्न : दयामरण देताना नेमकं काय करतात? मला जवळ थांबता येईल का?

उत्तर : आधी वायूने किंवा इंजेक्शनने पूर्ण भूल देतात, मग हृदय थांबवणारं औषध. शिरा फार बारीक असल्याने हे औषध पोटात किंवा थेट हृदयातही देतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण गाढ भुलेत त्याला ते कळत नाही. भूल आधी देणार ना, हे मात्र स्वतः विचारून घ्या. भूल चढेपर्यंत बहुतेक डॉक्टर जवळ थांबू देतात. नंतर डोळे उघडे राहू शकतात, एखादा झटका येऊ शकतो. ती वेदना नव्हे. आदल्या रात्री उपाशी ठेवू नका, आवडेल ते द्या.

प्रश्न : जोडीदार चिंचिला मागे राहील, तिचं काय?

उत्तर : शक्य असेल तर देह थोडा वेळ तिच्याजवळ ठेवा, हुंगू द्या. पिंजरा लगेच घासूनपुसून काढू नका आणि घाईने दुसरा सोबती आणू नका. पुढचे दोन आठवडे तिचं रोज वजन करा. तिने खाणं टाकलं किंवा लेंड्या कमी झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोघं एकाच आईची पिल्लं असतील, तर तिच्याही दाढा आत्ताच तपासून घ्या आणि तिच्यापासून पिल्लं घेऊ नका, कारण हा दोष वंशातून येऊ शकतो.