भिंतीवरचा बोर्ड आणि लाल ट्रे

"मॅडम, पगार वेळेवर, दिवाळीला बोनस, तरी माणसांना कंपनी आपली वाटत नाही." छोट्या उद्योजकांची ही तक्रार मला नवी नाही. हे गृहस्थ भोसरीचे (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत). वडिलांनी एका लेथवर सुरू केलेला कारखाना, आता चाळीसेक माणसं. सल्लागाराकडून 'व्हिजन' लिहून घेतलेलं, त्याचा पितळी बोर्ड रिसेप्शनमध्ये. इंग्रजीत. कामगारांचं गेट मागच्या बाजूला, त्यामुळे तो वाचणार कोण, हा प्रश्नच होता.

मी दोन दिवस शॉपफ्लोअरवर घालवले. सीएनसीवरच्या (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवरच्या) काकांना विचारलं, "काय बनवता?" ते म्हणाले, "बावीस नंबरची पिन." ही जाते कुठे? त्यांनी खांदे उडवले. अकरा वर्षं ते ती पिन काढत होते.

फायनल इन्स्पेक्शनला एक ताई होत्या. गेज (माप तपासायचं साधन) लावायच्या, मापात न बसलेली पिन लाल ट्रेमध्ये टाकायच्या. त्या दिवशी २९ तारीख होती. दुपारी मालकांचा फोन आला आणि ताईंनी मुकाट्याने लाल ट्रेमधल्या मूठभर पिना परत हिरव्या ट्रेमध्ये टाकल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "महिनाअखेर आहे ना."

संध्याकाळी मालकांना म्हटलं, "तुमच्या कंपनीचं ध्येय सगळ्यांना पाठ आहे. ते 'माल कसाही असो, गाडी भरा' असं आहे." ते चिडले. चिडणारच. मीही जरा टोचूनच बोलले होते.

मग त्यांना मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाबद्दल सांगितलं. १९७६ साली निवृत्तीनंतर डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी ते ११ खाटांवर सुरू केलं. ध्येय एकच: टाळता येण्यासारखं अंधत्व घालवायचं. मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवायची परदेशी लेन्स गरिबाला परवडेना, म्हणून १९९२ मध्ये त्यांनी लेन्स बनवणारी 'ऑरोलॅब' उभी केली. रुग्णालयाने कारखाना का काढावा? ध्येय स्पष्ट असलं की उत्तर शोधत बसावं लागत नाही.

"ते डॉक्टर, मॅडम. आम्ही पिना बनवतो."

"कशाच्या?"

"ब्रेकच्या," म्हणाले आणि गप्प झाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ग्राहकाकडून दुचाकीच्या ब्रेकची एक जोडणी मागून आणली आणि चहाच्या सुट्टीत टेबलावर ठेवली. काकांनी आपली पिन शोधून काढली, बोटाने फिरवून पाहिली आणि म्हणाले, "माझ्या पोराची हीच गाडी आहे." भाषण कोणी केलं नाही, बरंच झालं. ठरलं ते एवढंच: लाल ट्रेला ताईंखेरीज कोणी हात लावायचा नाही, मालकांनीसुद्धा नाही.

असले ठराव पहिल्या महिनाअखेरीला कोसळताना मी पाहिलेत. म्हणून ३० तारखेला मुद्दाम फोन केला. गाडी अर्धीच गेली होती, ग्राहकाने चांगलंच झापलं होतं. मालकांचा आवाज उतरलेला होता. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "पण मॅडम, आज काका आपणहून थांबले. टूल घासलंय, बदलूनच पुढे जाऊ म्हणाले."

पितळी बोर्ड अजून तिथेच आहे. पैसे मोजलेत, म्हणून वडील काढू देत नाहीत.