नवा माठ पाणी गार करत नसेल तर

माठ आणला की आधी एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, मग दोन-तीनदा भरून ते पाणी झाडांना घाला. मातीचा वास जातो. साबण अजिबात नको, छिद्रांत शिरतो. काथ्या आणि साधं पाणी पुरे.

गारवा येतो तो बाहेर पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना. एक ग्रॅम पाणी उडताना साधारण ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. म्हणजे १० लिटरच्या माठातून १०० मिली उडालं, तर बाहेरची उष्णता आत न आल्यास उरलेलं पाणी जवळपास ६ अंशांनी उतरतं. म्हणून माठ वाऱ्याच्या जागी, सावलीत, तिवईवर ठेवा. कोपऱ्यात कोंबलात की संपलं. रंगवलेला, चकचकीत माठ दिसतो छान, पण रंगाने छिद्रं बुजतात.

नागपूरच्या मे महिन्यात, ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना, पाणी २५-२६ अंशांपर्यंत येऊ शकतं. मुंबईत ३३ अंश आणि ७५ टक्क्यांना २९च्या खाली उतरणारच नाही. तिथे माठाला दोष देऊ नका.

जुन्या माठावर पांढरे डाग दिसतात ते पाण्यातले क्षार. बोअरचं पाणी असेल तर ते लवकर साचतात आणि पाझर मंदावतो. घासून फरक पडला नाही, तर माठ बदला.