मध्यवस्तीतील वाहने, वाहनतळ आणि पादचारी

प्रश्न : शहराच्या मध्यवस्तीत गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून तेथे बहुमजली वाहनतळ बांधावा अशी व्यापाऱ्यांची मागणी आहे. मुख्य बाजाररस्ता फक्त पादचाऱ्यांसाठी राखावा, असाही एक प्रस्ताव आहे. आधी काय करावे?

उत्तर : आधी मोजणी करावी. कामाच्या आणि सुट्टीच्या अशा दोन्ही दिवशी, सकाळपासून रात्रीपर्यंत दर अर्ध्या तासाने, रस्त्याकडेला कोणती गाडी किती वेळ उभी आहे याची नोंद घ्यावी. दुकानांसमोरच्या सर्वांत सोयीच्या जागा दिवसभर त्याच त्या गाड्यांनी अडवलेल्या असतात आणि त्यांपैकी बऱ्याच गाड्या तेथेच काम करणाऱ्यांच्या असतात, असे अशा नोंदींतून पुष्कळदा उघड होते. आठ तास एकच गाडी उभी राहिलेल्या जागेत अर्ध्या अर्ध्या तासासाठी येणारे सोळा ग्राहक गाडी लावू शकले असते. तेव्हा टंचाई जागेची आहे की जागा वेळेवर मोकळी न होण्याची आहे, हे ठरल्याशिवाय बांधकामाचा विषय काढूच नये.

जागा मोकळी होत राहावी यासाठी वेळेची मर्यादा किंवा शुल्क, हे दोन उपाय आहेत. नगरनियोजनाचे अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी असे सुचवले की, दर इतकाच असावा की रस्त्यावरील सुमारे १५ टक्के जागा नेहमी रिकाम्या राहतील. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून हे तत्त्व प्रत्यक्षात आजमावले. मागणीप्रमाणे तेथील दर काही भागांत वाढले, तर काही भागांत उतरलेही. याचा वाहतुकीशी थेट संबंध आहे, कारण जागेच्या शोधात फेऱ्या मारणाऱ्या गाड्या कोठेही न पोहोचता कोंडीत भर घालत राहतात.

बहुमजली वाहनतळाला आमचा सरसकट विरोध नाही. विरोध आहे तो मध्यभागातील वाहनतळाला. रॅम्प आणि मार्गिका धरल्यास प्रत्येक मोटारीमागे साधारण २५ ते ३० चौरस मीटर क्षेत्र खर्ची पडते आणि त्या साऱ्या मोटारी अरुंद रस्त्यांवरूनच आत येतात. तोच वाहनतळ मध्यवस्तीच्या कडेला, बाहेरच्या मोठ्या रस्त्यावरून प्रवेश देऊन बांधला आणि तेथून बाजारापर्यंत सावलीचा, सलग पदपथ दिला, तर गर्दी आत शिरण्याआधीच थांबते.

पादचारी रस्त्याबद्दल व्यापाऱ्यांना वाटणारी भीती समजण्यासारखी आहे. कोपनहेगनमधील स्ट्रॉयेट हा रस्ता १९६२ मध्ये मोटारींसाठी बंद झाला, तेव्हा तेथील दुकानदारांनाही धंदा बुडेल असेच वाटले होते. आज ती त्या शहराची प्रमुख बाजारपेठ आहे. मात्र एक रस्ता बंद करून वाहतूक शेजारच्या गल्लीत ढकलणे म्हणजे सुधारणा नव्हे. बेल्जियममधील गेंट शहराने २०१७ मध्ये मध्यवस्तीभोवतीचे सहा विभाग पाडले आणि मोटारीने एका विभागातून दुसऱ्यात जायचे तर बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यानेच जावे, अशी व्यवस्था केली. त्यामुळे प्रत्येक विभागात मोटार नेता येते, पण मध्यवस्तीचा आडमार्ग म्हणून वापर करता येत नाही. मालवाहतुकीला सकाळचे ठरावीक तास, अग्निशमन व रुग्णवाहिकेसाठी मोकळी मार्गिका आणि अपंग व्यक्तींच्या वाहनांना जवळच राखीव जागा, या तिन्ही सोयी पहिल्या दिवसापासून हव्यात. त्या नंतर जोडू म्हटले, की योजनेवरचा विश्वास उडतो.

प्रश्न : चौकातील सिग्नल बदलण्यापूर्वी वृद्धांना रस्ता ओलांडता येत नाही. वेळ वाढवली तर वाहने खोळंबतील, असे सांगितले जाते. यावर उपाय आहे का?

उत्तर : आहे. सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग बहुधा सेकंदाला १.२ मीटर धरला जातो, म्हणजे १४ मीटर रुंदीसाठी सुमारे १२ सेकंद होतात, ०.९ मीटर वेगाने चालणाऱ्या वृद्धाला मात्र जवळजवळ १६ सेकंद लागतात. हा फरक केवळ वेळ वाढवून भरून काढण्याऐवजी ओलांडायचे अंतरच कमी करावे. कोपऱ्यावरचा पदपथ पुढे आणला, तर अंतर घटते, वळणारी वाहने आपोआप वेग कमी करतात आणि कोपऱ्यात गाडी लावण्यालाही आळा बसतो. रुंद रस्त्यावर मधोमध सुरक्षित थांबा द्यावा, म्हणजे ओलांडणे दोन टप्प्यांत होते. वाहनांना हिरवा दिवा मिळण्यापूर्वी पादचाऱ्यांना काही सेकंद आधी सोडण्याची पद्धतही अनेक शहरांत रूढ आहे. पदपथावरून रस्त्यावर येणारा उतार १२ ला १, म्हणजे बारा हात लांबीला एक हात उंची, यापेक्षा तीव्र नसावा आणि त्याच्या तोंडाशी दुचाकी लावण्यास सक्त मनाई असावी.